सर्जनचा थर्मामीटर

सर्जनने थर्मामीटर स्पिरिटच्या बोळ्याने पुसला, झटकला आणि चौथ्या पिल्लाची शेपटी वर केली. एरवी या प्रसंगी ते घर डोक्यावर घेत असे. आज हूं की चूं नाही.

"किती?" बायकोने स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं.

"वाढलाय." त्याने थर्मामीटर पुन्हा पुसला, बोळा बदलून आणखी एकदा पुसला. स्वच्छतेच्या बाबतीत त्याला कुणी नावं ठेवू शकत नव्हतं.

"अहो, न्या ना डॉक्टरकडे."

"मग मी कोण आहे?"

"तुम्ही सर्जन. मी डॉक्टर म्हणतेय."

सर्जन ही पदवी त्याला गल्लीने दिली होती. विद्यापीठाचा त्यात काही हात नव्हता. एका कुत्रीचा फाटका कान त्याने घरच्या सुईदोऱ्याने शिवला आणि कान जागेवर राहिला. तेव्हापासून त्याच्याकडून कुत्र्याची पिल्लं विकत नेणारी माणसं स्वतःला खोकला झाला तरी आधी त्यालाच विचारत. लस तो टोचे, जंताचं औषध तो पाजे, बाळंतपणंही तोच करी. जनावरांच्या डॉक्टरांबद्दल त्याचं मत फारसं वाईट नव्हतं. त्यांना कुत्र्यातलं काही कळत नाही, एवढंच.

या खेपेला घरच्या कुत्रीला पाच पिल्लं झाली. पहिल्याला जुलाब लागले तसा त्याने सकाळ-संध्याकाळ सगळ्यांचा ताप बघायचा नेम धरला. आधी आजारी, मग धडधाकट. आजाऱ्याचा मान पहिला. एवढी निगा राखूनही एकामागून एक तिघं गेली. तिसऱ्याला परसात पुरून त्याने कुदळ भिंतीला टेकवली. कुदळ अजून तिथेच होती.

पाचवं पिल्लू सगळ्यांत बारकं. आईच्या दुधापर्यंत पोचेना, म्हणून बायकोने पहिल्या दिवसापासून ते स्वयंपाकघरातल्या खोक्यात, बाटलीच्या दुधावर वाढवलं होतं. नाव बटण. सर्जनला खोक्याजवळ जायची बंदी होती. "एवढ्याशा जिवाला तुमची ती काचेची कांडी नको," असं तिने बजावलं होतं.

थर्मामीटर खिडकीत ठेवून, चौथ्याला टॉवेलमध्ये गुंडाळून तो निघाला.

दवाखान्यातली डॉक्टर त्याच्या मुलीच्या वयाची होती. तिने पिल्लाची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी तशीच उभी राहिली; अंगातलं पाणी आटलं होतं.

"काका, ताप कशाने बघता?"

"थर्मामीटरने. दर वेळी स्पिरिटने पुसून."

"सगळ्यांना एकच?"

"एकच. पण स्पिरिटने..."

"या जुलाबांचा विषाणू स्पिरिटला दाद देत नाही, काका." तिचा आवाज चढला नाही. "आधी कुणाचा बघायचात?"

सर्जन टॉवेलची घडी घालू लागला. घडी जमेना.

"आजाऱ्याचा," तो म्हणाला.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त सलाईनची बाटली टांगली.

"घरी अजून पिल्लं आहेत?"

"एक आहे. त्याला थर्मामीटर लावलेला नाही. बायको लावू देत नाही."

"मग काकूंनी वाचवलंय त्याला. घरी गेल्यावर आधी तो थर्मामीटर फेकून द्या. कपडे बाहेर काढा, आंघोळ करा, मगच आत जा. हे पिल्लू राहू दे इथे. फार आशा धरू नका."

"बरं, डॉक्टर," सर्जन म्हणाला. हा शब्द त्याने आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला उद्देशून वापरला होता.

घरी तो परसाकडून आला आणि बाहेरच उभा राहून शर्टाची बटणं सोडू लागला. बायको दारात आली. तिच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी जरा रंग दिसत होता.

"कसं आहे ते?"

"ठेवून घेतलंय. बटण?"

"अहो, मघाशी सारखं झोपायला लागलं, मला धीर निघेना. शेवटी खिडकीतला थर्मामीटर घेऊन मीच ताप बघितला. तुमच्यासारखा, स्पिरिटने पुसून हं! दोनदा पुसला. अगदी नॉर्मल." ती हसली. "तुमच्या हाताखाली राहून एवढंही शिकले नसते का?"

आतून खडखड ऐकू आली. बटण आता ताटलीतून दूध पिऊ लागलं होतं; ते संपलं की रिकामी ताटली फरशीभर ढकलत फिरे.

"ऐकलंत? भूकसुद्धा लागलीय. ती कुदळ आता धुऊन आत ठेवते. डोळ्यांसमोर नको."

सर्जनची एक बाही काढून झाली होती, दुसरी मनगटाशी अडकली होती.

"राहू दे," तो म्हणाला. "मी ठेवतो नंतर."