कमरेच्या तीन टिपा

मी शिंपी आहे. बेचाळीस वर्षं एकाच दुकानात पुरुषांच्या पँट शिवतोय. माणूस दारातून आत आला की त्याची कंबर किती, हे मला टेप न लावता कळतं. त्यामुळे बायको गेल्यापासून माझी स्वतःची कंबर साडेचार इंचांनी उतरली, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. तिला जाऊन आठ महिने झाले होते.

घास अडकण्याचा त्रास मात्र त्याच्या खूप आधीचा. एकदा जेवताना मांसाचा तुकडा छातीच्या मध्यावर येऊन थांबला. श्वास चालू होता, बोलताही येत होतं, पण तुकडा ना वर ना खाली. वरून पाणी प्यायलो तर तेही परत तोंडात आलं. बेसिनवर वाकून उभा राहिलो. ही पाठीवरून हात फिरवत राहिली. अर्ध्या तासाने काय झालं कोण जाणे, तुकडा आपला आपण खाली गेला.

"बकाबका खाता," ही म्हणाली.

मलाही तेच वाटलं. मग दोन महिन्यांनी पाव अडकला. पुढे सफरचंद. पुढे साधा भात.

तिने हळूहळू पद्धत बसवली. पावाच्या कडा काढायच्या आणि उरलेला सूपमध्ये भिजवायचा. बटाटा कुस्करून त्यात लोणी घालायचं. मांस इतकं बारीक करायचं की ते मांस आहे हे तिने सांगितलं तरच कळावं. मी ताठ बसायचं, बारका घास घ्यायचा, तीस वेळा चावायचा, गिळायचा, कोमट पाण्याचा घोट घ्यायचा आणि मग पुढचा घास. जेवताना मी बोलायचं नाही. बोलायचं खातं तिच्याकडे. तिचं ताट दहा मिनिटांत रिकामं व्हायचं आणि मला पाऊण तास लागायचा. तेवढा वेळ ती समोर बसून राहायची. अशी सहा वर्षं.

लेकीला यातलं काही कळू द्यायचं नाही, असं मी ठरवलं होतं. ती यायची तेव्हा पोट बिघडलंय म्हणून मी नुसतं सूप घ्यायचो. लेक म्हणायची, "बाबा, तुमचं पोट नेमकं मी आल्यावरच कसं बिघडतं?" ही दुसरीकडे बघायची.

डॉक्टरकडे चला म्हणून ही मागे लागली होती. मी म्हणायचो, लग्नाच्या कपड्यांची गर्दी संपू दे. ती संपली की शाळेचे गणवेश यायचे. मग तिचंच दुखणं निघालं आणि माझा घसा मागे पडला. दोन वर्षं आम्ही तिचे कागद घेऊन फिरलो. शेवटच्या आठवड्यात हॉस्पिटलात पडल्या पडल्या ती म्हणाली, "अहो, आता तरी दाखवून घ्या." मी हो म्हटलं. तिला हो म्हटलं आणि गेलो नाही.

घशाची तपासणी त्याच इमारतीत होते, तिच्या वॉर्डच्या खालच्या मजल्यावर. मी स्वतःला सांगायचो की तो जिना मला चढवत नाही. ते अर्धंच खरं. उरलेलं अर्धं असं, की तिचं सगळं एका तपासणीपासून सुरू झालं होतं. तपासणीच्या आदल्या दिवशी ती घरातल्या चादरी धूत होती. तपासणीमुळे कुणी आजारी पडत नाही, एवढं मलाही कळतं. पण भीतीला ते समजावता येत नाही.

एकट्याने कुस्करायचा मला कंटाळा आला. आधी मांस सोडलं, मग पाव, मग भात. दूध, मऊ उकडलेलं अंडं, केळं, एवढ्यावर आलो. तेही कधी अर्धं टाकून द्यायचो. दुकानात माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो त्याला सगळे कात्री म्हणतात. तो कापड बेततो आणि जीभही तशीच चालवतो. मी डबा उघडला की त्याचं सुरू.

"आज पण केळं? अरे, तू माणूस आहेस की माकड?"

"भूक नाही."

"टाचणी तर नाही ना गिळलीस? तोंडात टाचण्या धरून बोलतोस, एखादी गेली असेल आत."

"गेली तर तुझ्याच कापडातली असेल."

तो हसला. मग हसता हसता थांबला आणि माझ्या मनगटाकडे बघत राहिला. दुसऱ्या दिवशी त्याने माझ्या टेबलावर दुधाची पिशवी आणून ठेवली.

पँट सैल झाली तेव्हा मी ती मशीनवर घेऊन मागची शिवण आत दाबली. महिन्या-दोन महिन्यांनी परत दाबली. मग तिसऱ्यांदा. ढगळ कपडे घालून लेकीसमोर गेलो असतो तर पहिल्याच दिवशी सापडलो असतो. अंगाबरोबर बसलेल्या कपड्यात माणूस बारीक झालेला चटकन दिसत नाही. लोकांना वाटतं, जरा नीटनेटका दिसतोय. हे फक्त शिंप्यालाच माहीत असतं.

पण शिंपी म्हणूनच चुकलो. आतलं जास्तीचं कापड, ज्याला आम्ही माया म्हणतो, ते मी कापलं नाही. हात वळलाच नाही. चांगला शिंपी माया कापत नाही, गिऱ्हाईक पुन्हा जाड होऊ शकतं.

लेक दर दुसऱ्या रविवारी येते. त्या दिवशी तिने माझे कपडे धुतले आणि वाळत घालायला उलटे केले. लहानपणी ती माझ्या मशीनखाली बसून बटणं निवडायची. आता ती बँकेत आहे, पण शिवण तिला वाचता येते.

"बाबा, ही पँट कोणाची?"

"माझी."

"कमरेला आत तीन टिपा आहेत."

"जुनी पँट आहे."

"पँट जुनी आहे. टिपा नव्या आहेत. दोन राखाडी दोऱ्याच्या आणि एक काळ्या. राखाडी दोरा संपला होता?"

"संपला होता," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

तिने कपाट उघडलं आणि उरलेल्या तीन पँट पलंगावर उलट्या करून टाकल्या. चारही सारख्याच. मग खुंटीवरचा टेप घेऊन आली.

"उभे राहा."

"अगं, काय हे?"

"उभे राहा, बाबा."

तिने कमरेला टेप लावला. आजवर माझं कुणी माप घेतलं नव्हतं.

"पोट फुगवू नका. गिऱ्हाईकं आत ओढतात, तुम्ही बाहेर काढताय."

मी श्वास सोडला. तिने आकडा बघितला, टेप गुंडाळला आणि खाली बसली. मग मी सगळं सांगितलं.

"आईला माहीत होतं?"

"तिनेच तर सहा वर्षं खाऊ घातलं."

"म्हणजे दोघांनी मिळून मला शेंड्या लावल्या. आई गेल्यावर तरी सांगायचं! मी काय परकी आहे?"

"तुझा संसार आहे, नोकरी आहे."

"हो, आणि आईमागोमाग मला बापही घालवायचा नाहीये! उद्या जायचं. मी रजा टाकते."

"तो जिना मी चढणार नाही."

"लिफ्ट आहे."

"लिफ्टनेच तिला खाली आणलं होतं," मी म्हणालो.

तिने हातातला टेप पुन्हा उलगडून पुन्हा गुंडाळला. मग म्हणाली, "मग जिन्यानेच जाऊ. बसत बसत."

आम्ही बसत बसतच गेलो. आधी खडूसारखं पांढरं औषध प्यायला लावून फोटो काढले. चार दिवसांनी घशातून दुर्बीण घातली. त्याआधी गुंगीचं इंजेक्शन दिलं, म्हणून त्यातलं मला फारसं आठवत नाही. डॉक्टरीणबाई माझ्या लेकीपेक्षा लहान असतील. म्हणाल्या, वर्षानुवर्षं पित्त वर येऊन अन्ननलिका खालच्या टोकाला आक्रसली होती. आत छोटा फुगा फुगवून ती रुंद केली. नलिकेचा बारीकसा तुकडा काढून तपासायला पाठवलाय, पण काळजीसारखं काही दिसत नाही. गोळ्या रोज घ्यायच्या. पुन्हा आक्रसू शकते, तेव्हा अडकायला लागलं की थांबायचं नाही.

"किती दिवसांचा त्रास होता?" त्यांनी विचारलं.

"सहा-सात वर्षांचा."

"आणि इतके दिवस काय करत होता?"

"बायको भिजवून द्यायची," मी म्हणालो.

त्यांनी लिहिता लिहिता मान वर केली आणि परत खाली घातली.

तुकड्याचा निकाल चांगला आला. त्या दिवशी लेकीने मला पाव दिला, कडेसकट. मी चावला, गिळला. गेला. दुसरा घासही गेला. मी पाव खाली ठेवला.

"काय झालं? अडकला?"

"नाही. किती वेळ लागला गं त्यांना आत?"

"पंधरा-वीस मिनिटं."

"वीस मिनिटांचं काम होतं," मी म्हणालो.

तिला कळलं मी काय म्हणतोय ते. तिने माझी समजूत घातली नाही. घातली असती तर मला आवडलं नसतं. ही रोज ओट्याशी उभी राहून पावाच्या कडा काढत होती, औषधांनी हात थरथरत होते तेव्हाही काढत होती. आणि मी गणवेश शिवत होतो.

जाताना दारात लेक म्हणाली, "पुन्हा अडकलं तर?"

"सांगेन."

"कधी? चौथी टीप मारल्यावर?"

"त्याच वेळी."

"बघू," असं म्हणून ती गेली.

नंतर अडीच महिने बरे गेले. काल दुपारी दुकानात कात्रीने त्याच्या डब्यातला मांसाचा तुकडा माझ्या ताटात टाकला. मी खाल्ला आणि तो थांबला, तिथेच, छातीच्या मध्यावर. मी उठून मागच्या नळाशी गेलो. थोड्या वेळाने जाईल, हे मला माहीत होतं. कुणाला सांगायची तशी गरज नव्हती. खिशातून फोन काढला आणि तो हातात धरून दोन मिनिटं नुसता उभा राहिलो. मग लावला.

"अडकलंय," मी म्हणालो.

"श्वास घेता येतोय?"

"येतोय."

"पाणी पिऊ नका. निघाले मी," ती म्हणाली.