तेवीस नंबरचा निबंध

सगळे उभे राहिले, तरी लुंबिनी उठली नाही.

"दोन मिनिटं शांत उभं राहू," अमरेश म्हणाला. निबंधांची यादी त्याने छातीशी धरली होती. "आपल्या विभागाचे जुने ग्रंथपाल, कैलासवासी व्यंकटी गजभारे यांना..."

"ते कैलासात गेलेले नाहीत," लुंबिनी म्हणाली. "बसा. कामाला सुरुवात करा."

अमरेशने अध्यक्षांकडे पाहिलं. सिद्धराम हलकुडे टेबलावर दोन्ही तळवे टेकून उभे होते, ते तसेच राहिले. महादेवी मॅडम मात्र पदर सावरत खाली बसल्या.

"बसा की सर. लेक म्हणते, तर बसा."

लातूरच्या एका कॉलेजातली ही ग्रंथालयामागची खोली. एका भिंतीला बांधणीसाठी काढून ठेवलेल्या पुस्तकांच्या थप्प्या, मध्ये लांब टेबल, त्यावर चार कप. ग्रंथालय संघाच्या वार्षिक अधिवेशनात मंचावरून कोण बोलणार, हे आज इथे ठरायचं होतं. सिद्धराम हलकुडे संघाचे अध्यक्ष. तीस वर्षं याच कॉलेजात ग्रंथपाल होते, निवृत्त झाले तरी खुर्ची त्यांचीच. महादेवी मॅडम उदगीरच्या. अमरेश संघाचा चिटणीस. आणि लुंबिनी सोनकांबळे, नांदेडच्या एका कॉलेजची ग्रंथपाल, सकाळच्या एसटीने आलेली. व्यंकटी गजभारे तिचे वडील. भोकर तालुक्यातल्या एका गावात त्यांनी एकोणतीस वर्षं सार्वजनिक वाचनालय चालवलं, आणि दीड महिन्यापूर्वी ते गेले.

निवडीची पद्धत तिनेच आणली होती. निबंधावर नाव नको. नावाची चिठ्ठी वेगळ्या बंद पाकिटात. तिघांनी घरी वाचून दहापैकी गुण द्यायचे. तिघांचे मिळून अठरा झाले, तर मंच. पाकिटं फोडेपर्यंत कुणालाही आपले गुण बदलता येतील; फोडल्यावर कुणालाही नाही. गेल्या वर्षीच्या बैठकीत सिद्धराम सर या शेवटच्या कलमावर अडून बसले होते. "माणूस बघून निर्णय घ्यावा लागतो, मॅडम. ही काय दहावीची परीक्षा आहे?" तेव्हा ती म्हणाली होती, "तुम्ही माणूस बघता, म्हणूनच."

तिने नऊ वर्षांपूर्वीचं उदगीरचं अधिवेशन पाहिलं होतं. वडिलांना वीस मिनिटं दिलेली होती. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हाताने लिहिलेले अकरा कागद. चौथ्या मिनिटाला अध्यक्षांच्या, म्हणजे तेव्हाही सिद्धराम सरांच्याच, खुर्चीकडून चिठ्ठी आली: आटोपतं घ्या. पुढे एका कंपनीला आपलं सॉफ्टवेअर दाखवायचं होतं. वडिलांनी चिठ्ठी वाचली, कागदांची घडी केली, "नमस्कार" म्हणाले आणि उतरले. परतीच्या गाडीत ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आपलं लिहिणं आपल्या गावाला पुष्कळ." त्यानंतर त्यांनी संघाला कधी काही पाठवलं नाही.

"एकूण एक्केचाळीस आलेत," अमरेशने वाचायला घेतलं. "अठरा किंवा वर सात गेलेत. जागा आठ. एक अडकलाय. नंबर तेवीस. अध्यक्ष नऊ, महादेवी मॅडम सहा, सोनकांबळे मॅडम दोन. झाले सतरा."

"दोन?" महादेवी मॅडमनी चष्मा कपाळावर सरकवला. "काय गं, कुणाचा राग काढला?"

"संदर्भ नाहीत. आकडेवारी नाही. भावनिक आहे. शेऱ्यात लिहिलंय मी."

सिद्धराम सरांनी समोरच्या गठ्ठ्यातून तो निबंध वेगळा काढला. टाइप केलेली सहा पानं, कुठल्यातरी कॉम्प्युटर सेंटरवर काढलेली, टाचणीने टाचलेली. कडेला जागोजाग पेन्सिलीच्या उभ्या रेघा होत्या.

"सोनकांबळे मॅडम, चाळीस निबंधांत तेच ते आहे. ई-संसाधने, वाचन चळवळीपुढील आव्हाने. मलाच झोप आली. हा एक माणूस कामाचं बोलतो. वाचक वारला, पुस्तक त्याच्या घरी राहिलं, रजिस्टरला नोंद चालूच. मग ग्रंथपालानं त्या घरी कधी जायचं, काय बोलायचं, पुस्तक मागायचं की नाही? हे कोणत्या अभ्यासक्रमात आहे?"

"नाहीये. कारण तो ग्रंथालयशास्त्राचा विषय नाही. सांत्वनाला जाणं कुणालाही जमतं."

"कुणालाही नाही जमत," महादेवी मॅडम हळूच म्हणाल्या.

"पूर्ण वाचलात का तुम्ही?" सरांनी विचारलं.

"वाचला."

हे खरं नव्हतं. विहारात वडिलांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले आणि दुसऱ्या दिवशी तिने एक्केचाळीस निबंधांचा गठ्ठा सोडला होता. बावीस नीट वाचले. तेविसाव्याची पहिली ओळ अशी होती: वाचक वारला की महिनाभर त्याच्या घरी जाऊ नये. ती ओळ वाचून तिने पान उलटलं, सरळ शेवटचं काढलं, खाली संदर्भसूची शोधली. नव्हती. तिने दोन लिहिले आणि चोविसावा घेतला.

"एक गुण द्या," सिद्धराम सर म्हणाले. "दोनाचे तीन करा. मी काही दहा मागून नाही राहिलो."

"एवढी तळमळ? ओळखीचा दिसतोय."

सरांच्या मानेची शीर ताठ झाली.

"मला माहीत नाही कुणाचा आहे."

"मग एका गुणासाठी एवढं कशाला? गेल्या वर्षीपर्यंत चिठ्ठ्या पाठवून माणसं मंचावरून उतरवत होता तुम्ही. आता चढवायला निघालात."

"उदगीरचं तुम्ही अजून..."

"हो. अजून."

अमरेशने कप गोळा करायला सुरुवात केली, आणि त्यातला एक भरलेला आहे हे पाहून परत ठेवला. महादेवी मॅडम म्हणाल्या, "लुंबिनी, निबंधाचं बोल बाई. सरांचं नंतर बोल, मीही बोलते. लई साठलंय माझ्याकडं पण."

"निबंधाचंच बोलतेय. दोन. आठवी जागा रिकामी राहिली तर तिथं खुली चर्चा ठेवा. लोकांना बोलू द्या. भाषणं ऐकून ऐकून कंटाळलेत ते."

"खुल्या चर्चेत कोण बोलतं ते सगळ्यांना माहीत आहे," सर म्हणाले. "जो दर वर्षी बोलतो, तो."

"म्हणजे तुम्ही."

महादेवी मॅडमना हसू आलं. त्यांनी ते पदराआड घेतलं. सिद्धराम सर हसले नाहीत. त्यांनी निबंध गठ्ठ्यावर ठेवला, वर तळहात ठेवला आणि म्हणाले, "फोडा पाकिटं."

"सर, एकदा फोडली की मग..." अमरेश घुटमळला.

"नियम माहीत आहे मला. माझ्याच डोक्यावर बसवलाय तो. फोडा."

अमरेश फुटपट्टीने एकेक पाकीट फोडत गेला. आधी सात निवडलेली. परळीचे एक प्राध्यापक, उमरीची एक तरुण ग्रंथपाल, निलंग्याचे भागवत गुरुजी. अमरेश नावं वाचत होता, महादेवी मॅडम लिहून घेत होत्या. सिद्धराम सरांच्या गटातलं त्यात एकच नाव निघालं. लुंबिनीने पेनाचं टोपण लावलं. मग नाकारलेली. त्यांना खेदाची पत्रं जायची होती, म्हणून पत्ते हवे होते.

तेविसावं पाकीट फोडल्यावर अमरेश थांबला. चिठ्ठी त्याने उजेडाकडे धरली, खाली घेतली, पुन्हा वाचली.

"वाच की," महादेवी मॅडम म्हणाल्या. "अक्षर लागेना का?"

"अक्षर लई सुंदर आहे, मॅडम." त्याने चिठ्ठी वाचली नाही. टेबलावरून सरकवून ती लुंबिनीपुढे ठेवली.

निळ्या शाईतलं अक्षर होतं. प्रत्येक शब्दावरची रेघ शब्दाच्या जराशी पुढे गेलेली. नाव, गाव, तालुका भोकर. त्याखाली मोबाइल नंबर, तिचा. त्यांना फोनवर नीट ऐकू येत नसे, म्हणून ते कुठेही तिचाच नंबर देत.

तिने चिठ्ठीवरची तारीख पाहिली. त्या आठवड्यात ती गावाकडे गेली होती. दवाखान्यात जाण्याआधीचा तो शेवटचा शनिवार. भोकरला काम आहे म्हणून ते सकाळी निघाले, दुपारी दमून परत आले. कुठं गेला होता, असं विचारल्यावर म्हणाले, "पोस्टात." ती रागावली होती. एवढ्या उन्हात पोस्टात काय होतं?

"कोण आहे?" सिद्धराम सरांनी विचारलं.

त्यांनी हात लांबवून चिठ्ठी घेतली. वाचायला त्यांना लागायला हवा होता त्याहून जास्त वेळ लागला.

"व्यंकटी," ते म्हणाले. मग चिठ्ठी खाली ठेवून, "बंद पाकिटाची सूचना वाचली असणार त्यानं. म्हणून पाठवला."

"नाव बघितलं असतं तर तुम्ही दोन दिले असते सर," महादेवी मॅडम म्हणाल्या, "आणि हिनं नऊ." बोलून झाल्यावर त्यांचं त्यांनाच ते नको झालं असावं. त्या उठल्या, लुंबिनीच्या मागे येऊन उभ्या राहिल्या, तिच्या पाठीला हात लावला आणि काढून घेतला.

"खास बाब म्हणून घेता येईल," अमरेश म्हणाला. "कोण विचारतंय? सगळ्यांना आवडेल. मॅडम वाचतील. फोटो ठेवू, हार..."

"नाही," लुंबिनी म्हणाली.

"एकच गुण तर..."

"पाकीट फुटलंय. नाही म्हणजे नाही. खेदाचं पत्र टाका. माझ्या पत्त्यावर टाका, घरी नको. आईला वाचता येतं."

आवाज नेहमीसारखाच होता. फक्त तिने पेनाचं टोपण काढलं, लावलं, काढलं. उरलेली पाकिटं अमरेशने न थांबता फोडली. महादेवी मॅडमनी सगळी नावं लिहून कागद त्याच्याकडे दिला. उदगीरची चारची गाडी होती त्यांना. जाताना दारात थांबून त्या म्हणाल्या, "फोन करते गं," आणि गेल्या. अमरेश झेरॉक्स काढायला बाहेर पडला.

सिद्धराम सर उठले नव्हते. सहा पानं त्यांच्यासमोर होती.

"अध्यक्षीय भाषणाला चाळीस मिनिटं असतात," ते म्हणाले. "त्याला गुण नसतात. ते कुणी तपासत नाही. त्यात मी हा वाचीन. पूर्ण. व्यंकटीचं नाव घेऊन."

"तुम्ही नाही."

"मग तुम्ही वाचा. माझ्या वेळात."

"मी दोन दिलेत."

"मग राहिलं कोण?"

खिडकीखाली कुणीतरी मोटारसायकल चालू करायचा प्रयत्न करत होतं. चौथ्या किकला ती चालू झाली आणि आवाज लांब गेला. लुंबिनीने खुर्ची टेबलाजवळ ओढून घेतली.

"वाचून दाखवा."

"आत्ता?"

"हाव, आत्ता. मी वाचलेला न्हाई तो."

सरांनी तिच्याकडे पाहिलं. मग त्यांनी चष्मा लावला आणि पानं सरळ केली. त्यांचा आवाज मंचावर कमावलेला होता. तो त्या छोट्या खोलीत भिंतींना लागून परत येत होता.

"वाचक वारला की महिनाभर त्याच्या घरी जाऊ नये! नंतर जावे, ते दुपारचे. हातात रजिस्टर नेऊ नये. पुस्तकाचे नाव आपण होऊन काढू नये..."

"असं नाही," ती म्हणाली. "हे भाषण नाही. हळू."

ते पुन्हा पहिल्यापासून वाचू लागले. आता आवाज उतरला होता. "...नंतर जावे, ते दुपारचे. हातात रजिस्टर नेऊ नये. पुस्तकाचे नाव आपण होऊन काढू नये. उंबऱ्याबाहेर उभे राहून पाणी मागावे. दिले तर बसावे."

तिथे ते थांबले.

त्या वाक्याशेजारीही त्यांच्या पेन्सिलीची उभी रेघ होती. पंधरा दिवसांपूर्वी त्यांनीच ओढलेली. लिहिणाऱ्याचं नाव माहीत नसताना त्यांना तो नुसता शिष्टाचार वाटला होता; उंबऱ्याबाहेर पाणी मागत कोण उभं आहे, हे आता कळत होतं. त्यांचं बोट आता त्या रेघेवर होतं आणि ओठ पुढच्या वाक्यासाठी उघडलेले होते.

"काय झालं?" लुंबिनीने विचारलं.

"काही नाही."

"मग थांबू नका. ते थांबायचे न्हाईत इथं."

सिद्धराम सरांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, लावला. पुढचं वाक्य त्यांनी घेतलं नाही. ते पहिल्या ओळीवर परत गेले आणि घरात कुणी झोपलेलं असावं इतक्या हलक्या आवाजात त्यांनी पुन्हा वाचायला सुरुवात केली.