पिवळ्या कयाकचे बूच

मी एक जुनी कयाक आहे, म्हणजे एकट्या माणसाने वल्हवायची चिंचोळी होडी. माझा पिवळा रंग उन्हाने आता लोण्यासारखा फिकट पडला आहे. मित्रांनो, जुन्या वस्तू आपली कहाणी सांगतात आणि शेवटी सगळ्यांना माफ करून मोकळ्या होतात. माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नका.

माझा जन्म भट्टीत झाला. प्लास्टिकची भुकटी साच्यात भरतात, साचा आगीत गरागरा फिरवतात आणि आम्ही पोकळ पोट घेऊन बाहेर पडतो. माझ्या पाठीवर बसायची जागा आहे, पुढे पाय ठेवायला खोलगट भाग आहे. तिथे साचलेले पाणी परत तळ्यात जावे म्हणून आरपार नळ्या ठेवल्या आहेत. आणि एक बूच आहे. पोटात झिरपलेले पाणी तेवढ्याच वाटेने बाहेर पडते.

मला घेतले मार्लिसने. अमेरिकेतल्या आयडाहो राज्याच्या उत्तर भागात डोंगरांच्या कुशीत एक लांबलचक तळे आहे. तिथल्या गावात ती शाळेची बस चालवायची. सुट्टीच्या दिवशी उजाडायच्या आत ती मला पाण्यात ढकलायची आणि आम्ही कोकनीच्या मागे निघायचो. कोकनी हा समुद्र कधीच न पाहिलेला, तळ्यातच जन्मणारा आणि तळ्यातच मरणारा रुपेरी सॅल्मन मासा. त्याचे तोंड ओल्या कागदासारखे असते. गळाला झटका दिला की ओठ फाटतो आणि मासा जातो. मार्लिसचा हात मात्र असा हलका की मासा जाळीत आल्यावरच त्याला कळायचे. गळाला लावायचे मक्याचे दाणे ती आदल्या दिवशी माशाच्या तेलात मुरवायची. त्या वासाने बसमधली पोरे नाक धरायची, पण तिने कधी पर्वा केली नाही.

उन्हे वर आली की खडकांच्या कडेने बास. हा मासा दांडगट, भांडखोर. आणि मग दक्षिणेचा वारा सुटायचा. आमच्या तळ्यावर वाऱ्याशी थट्टा चालत नाही.

"आधी त्याच्या तोंडावर जायचं," मार्लिस मला सांगायची. "येताना मग तोच आणून सोडतो घरी." होय, मलाच सांगायची. नवऱ्यापेक्षा ती माझ्याशीच जास्त बोलायची. घरी आल्यावर माझे बूच फिरवून पोटातले पाणी काढायची, मला पुसायची आणि सावलीत ठेवायची.

दर उन्हाळ्यात गावात मासेमारीची स्पर्धा होते. कयाकवाल्यांचे बक्षीस आम्हीच न्यायचो. धक्क्यावर गळ-दाण्यांचे दुकान चालवणारी आणि मासे तोलणारी ओपल म्हणायची, "मार्लिस, तुझी ती पिवळी चेटकीण आहे बघ!"

मार्लिसचा नवरा रॉयस कुजकट हसायचा. "मासे होडी पकडते. ही नुसती वर बसते."

शेवटी दोघांचा घटस्फोट झाला. घर तिला आणि ट्रक त्याला, असे ठरले. ट्रक न्यायला तो आला तेव्हा मी नेमकी टपावर बांधलेली होते. मार्लिस धावत बाहेर आली, तर याने काच खाली करून सांगितले, "ट्रक आणि ट्रकवरचं सगळं माझं." आणि गाडी सुरू केली.

त्याच्या अंगणात मी उन्हात पडून राहिले. एके दिवशी त्याने माझ्या पाय ठेवायच्या जागेत माती भरली आणि पेटुनियाची फुले लावली. मातीने माझ्या नळ्या बुजल्या आणि मुळे कुजू लागली, तेव्हा त्याने ड्रिल आणून त्याच जागी चार भोके पाडली. फुलांचे पाणी थेंब थेंब माझ्या पोटात उतरू लागले. तळ्यावर जन्म काढलेली मी, फुलझाडांचे सांडपाणी पीत बसले. प्रत्येक थेंबाला मी त्याला शिव्या दिल्या.

मार्लिस एकदा आली.

"रॉयस, माझी कयाक दे. म्हणशील ते देते."

"कसली कयाक? माझ्याकडे फुलांची कुंडी आहे."

"आयुष्यात एकदा तरी बसलायस का तिच्यात?"

"नाही. आणि तूही बसणार नाहीस. तेवढ्यासाठीच तर ठेवलीय."

तिने माझ्या कडेवरून हात फिरवला आणि ती गेली. गावभर मग 'रॉयसची कुंडी' हा विनोद झाला. कुणी मला हसले की मी आतल्या आत जळायचे.

त्या वर्षीची स्पर्धा मार्लिसने ओपलच्या जुनाट होडीतून जिंकली. मासे कोण पकडत होते ते सगळ्यांना कळले आणि रॉयसच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पुढच्या उन्हाळ्यात त्याने फुले उपटली, वरवरची माती काढली, भोकांवर चिकटपट्टी लावली आणि मला धक्क्यावर आणले. माझ्याच जोरावर त्याला तिला हरवायचे होते. आयत्या बिळावर नागोबा!

मार्लिसने मला पाहिले आणि तिचा चेहरा पडला. मग तिची नजर चिकटपट्टीवर गेली.

"रॉयस, नळ्या बुजल्यात तिच्या. आणि वारा वाहतो त्या दिशेने आधी जाऊ नकोस."

"तुझी अक्कल तुझ्यापाशी ठेव."

मला रॉयसपेक्षा तिचाच राग आला. कशाला सांगायचे त्याला?

तरंगायचे जाकीट बुडाखाली उशीसारखे घेऊन तो निघाला, तेही सोपे म्हणून वारा पाठीशी घेऊन. कोकनी लागला, त्याने हिसका दिला, ओठ फाटला. दुसरा लागला, त्याचेही तेच. संतापून तो दूरच्या खडकांपाशी बासच्या मागे गेला. एक मोठा बास लागला आणि तेवढ्यात वारा चढला. लाटा माझ्या पाठीवर फुटू लागल्या. नळ्या बुजलेल्या, पट्टी सुटलेली. सगळे पाणी त्या चार भोकांतून थेट माझ्या पोटात गेले.

मित्रांनो, हे मी केले असे सांगायला मला फार आवडले असते. पण मी काहीच केले नाही. त्याच्याच ड्रिलने केले. मी जडशीळ झाले, एका लाटेसरशी कलंडले आणि रॉयस पाण्यात. गार पाण्यात तो माझ्या कडीला लोंबकळत राहिला. मला त्याच्यासकट तळ गाठायचा होता. अगदी मनापासून बुडायचे होते. पण माझ्या जातीचे प्लास्टिक बुडत नाही, याचे आजही वाईट वाटते.

वारा चढताच धक्क्यावर परतलेल्या मार्लिसने माझे पालथे पिवळे पोट ओळखले. ओपलची मोटारबोट घेऊन दोघी आल्या.

"दोर टाक!" रॉयस ओरडला. त्याचे दात वाजत होते.

मार्लिसने दोर हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला. "ही कयाक कुणाची?"

"हे आत्ता विचारतेस?"

"सावकाश सांग रे," ओपल म्हणाली. "आम्हाला काही घाई नाही."

"तुझी! तुझीच आहे, बाई!"

नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही, ते असे. तिने दोर टाकला. त्याला बोटीत ओढून घेतले आणि मला सुलटी करून मागे बांधले.

धक्क्यावर घोंगडी आणि गरम कॉफी मिळताच रॉयसला पुन्हा वाचा फुटली. "पाण्यात माणूस काहीही बोलतो. ट्रकवरची कयाक माझी."

मार्लिस त्याच्याकडे पाहत म्हणाली, "बरं. ने."

मी काठाच्या उथळ पाण्यात तुडुंब पोटाने पडले होते. त्याने कडी ओढली. मी हलले नाही. त्याने खांदा लावला, मग लाथ घातली.

"अरे, हात लावा ना कुणीतरी!"

अख्खे गाव कॉफीचे पेले धरून उभे होते. कुणी पाऊल पुढे टाकले नाही.

"कुंडी आहे ना ती?" ओपलने विचारले. "कुंडीला कशाला हवीत चार माणसं?"

रॉयसने मला चाचपले, ठोकले, भोकांत बोटे घातली. "हिचं पाणी काढायचं कुठून?" ओपलने कॉफीचा घोट घेतला. इतके दिवस मी त्याच्या अंगणात होते. एकदा वाकून पाहिले असते तरी दिसले असते. शेवटी त्याने कडी सोडली आणि रिकाम्या टपाचा ट्रक घेऊन निघून गेला.

मग मार्लिस बुटांसकट पाण्यात उतरली. न बघता तिचा हात नेमका तिथे गेला आणि तिने बूच फिरवले. काळे पाणी, कुजकी मुळे, त्याच्या अंगणातली सगळी माती भळाभळा बाहेर आली. शेवटचा थेंब पडेपर्यंत ती मला धरून रडत होती.

आता माझ्या पायाकडच्या भागात चार पांढरी ठिगळे आहेत. दुधाच्या कॅनचे प्लास्टिक वितळवून मार्लिसने ती स्वतः लावली. रॉयसचा ट्रक तळ्याकाठच्या रस्त्याने जातो तेव्हा तो सरळ समोर बघतो. मी मात्र त्याच्याकडे बघते.

मित्रांनो, वस्तू जपा. जपता येत नसेल तर जो जपेल त्याला द्या. नुसत्या आकसापोटी अडवून ठेवाल तर तिच्या पोटात काय साचत जाते, हे तुम्हाला कळणारही नाही. आणि माझे बूच नेमके कुठे आहे, ते मी तुम्हालाही सांगितलेले नाही. मार्लिसला ठाऊक आहे, तेवढे पुरे.