पाहुण्यांचा टॉवेल आणि मामाचे बूट

थांबा! आधी हात धुतलेत का? नसतील धुतले तर लांबूनच ऐका. मित्रांनो, मी एक जुना टॉवेल आहे. आज माझं पार पोतेरं झालंय. कारखान्यात यंत्रांवरचं तेल पुसतो. पण एके काळी मी दुधासारखा पांढराशुभ्र होतो. तेव्हा माणसांची जी शिसारी बसली, ती काही केल्या जात नाही.

गिरणीत माझा जन्म झाला. दुकानातून मला एका बाईंनी घरी आणलं. सगळे कामगार त्यांना वहिनी म्हणत, म्हणून मीही म्हणतो. त्यांच्या यजमानांचा पितळी नळ बनवण्याचा छोटासा कारखाना होता. वहिनींनी मला कपाटात डांबराच्या गोळ्यांशेजारी ठेवलं आणि घरात बजावलं, "याला कुणी हात लावायचा नाही. हा पाहुण्यांचा आहे!" घरची माणसं विटक्या, भोकं पडलेल्या पंच्यांनी अंग पुसत, आणि मी आपला गोळ्यांचा वास घेत पडून. कसला मान नि कसलं काय! तो वास अजून नकोसा वाटतो.

एके दिवशी परदेशातून एक साहेब नळ बघायला यायचे ठरले. हे काम मिळालं तरच कारखाना चालणार होता, नाहीतर मालकांना त्याला कुलूप लावावं लागलं असतं. साहेबांची हॉटेलात सोय करावी असं मालक म्हणाले, तर वहिनी उसळल्याच. "घर असताना हॉटेल कशाला? अहो, इतक्या लांबून येणारा माणूस!" त्यांनी आपली खोली साहेबांना दिली आणि दोघं नवराबायको स्वयंपाकघरात जमिनीवर झोपले. जेवताना साहेबांनी पुरे म्हणून ताटावर हात आडवा धरला, तर वहिनींनी बोटांच्या फटीतून वाढलं. साहेब लाजून चूर झाले. भाषा येत नव्हती, पण हसू सगळ्यांना येत होतं.

सकाळी साहेबांनी मला तोंड पुसलं, छान घडी घातली आणि दांडीवर ठेवलं. मला धन्य धन्य वाटलं. तेवढ्यात आला मामा!

मामा म्हणजे वहिनींचा थोरला भाऊ. साहेबांची भाषा घरात त्याला एकट्याला येत होती, म्हणून दुभाष्या म्हणून त्याला बोलावलेलं. त्याचा तोरा काय विचारता! बूट न काढताच तो घरात शिरला, न्हाणीघरात गेला, इकडेतिकडे बघितलं आणि मला ओढून चक्क बूट पुसले. शी, शी, शी! काळं पॉलिश, रस्त्यावरचा चिखल आणि टाचेला चिकटलेलं कसलंसं चिकट घाणेरडं. ते काय होतं ते मी आजही सांगणार नाही, तुम्हाला जेवण जायचं नाही. वर त्याने माझी घाणेरडी बाजू आत घातली आणि शीळ घालत निघून गेला.

वहिनी मला धुवायला न्यायला आल्या. घडी उलगडली आणि त्यांचा चेहराच उतरला. मला दोन बोटांत धरून त्या बाहेर आल्या. साहेब चहा पीत होते.

"हे कुणी केलं?"

मामा पटकन म्हणाला, "दुसरं कोण? ही परदेशी माणसं अशीच. आपल्या घराची त्यांना काय किंमत!"

चोराच्या उलट्या बोंबा! मालक आधीच तापट. त्यांनी चहाचा कप आदळला. "माझ्या बायकोने खोली दिली, आणि हा तिच्या टॉवेलला बूट पुसतो? नको मला याचा धंदा. सांग त्याला, सामान बांध म्हणावं."

साहेब बिचारे एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होते. मामाला खरं बोलायला अजूनही वेळ होता. पण नाही! मेहुण्याचा कारखाना बुडाला तरी चालेल, आपलं नाक वर राहिलं पाहिजे! बोलायला त्याने तोंड उघडलंच.

"थांब, दादा," वहिनी म्हणाल्या. "साहेबांचे बूट कालपासून दाराबाहेर आहेत. त्यांवर धूळ तशीच आहे. तुझे बरे चकाकतायत?"

मामाच्या तोंडचं पाणीच पळालं.

"आता सांग. त्यांच्या भाषेत सांग, कुणी पुसले ते. आणि यांचा गैरसमज झाला होता, माफ करा म्हणून सांग."

मामा खाली मान घालून पुटपुटला. साहेबांनी ऐकून घेतलं, उठले, वहिनींच्या हातून मला घेतलं आणि सरळ नळाखाली धरलं. वहिनी धावल्या, "अहो, पाहुण्यांनी कुठे धुवायचं असतं!" पण ते सोडेनात, याही सोडेनात. शेवटी एका टोकाला साहेब, दुसऱ्या टोकाला वहिनी, असं दोघांनी मला पिळलं.

मग साहेब काहीतरी बोलले. मामाने हळूच सांगितलं, "कारखाना बघायला कधी जायचं, विचारतायत."

काम मिळालं. माझा डाग मात्र गेला नाही.

मित्रांनो, तेलाच्या घाणीची मला आता किळस येत नाही. ती कामाची घाण आहे, धुतली की जाते. तुमच्या हातून कुणाकडे काही खराब झालं, तर तिथल्या तिथे सांगून टाका. यजमानीण "राहू द्या हो" म्हणेल. पण आपली घाण दुसऱ्याच्या नावावर लावून येऊ नका.

त्या दिवशी दुपारी वहिनींनी मामालाही पोटभर जेवू घातलं, आग्रहसुद्धा केला. पण हात धुतल्यावर पुसायला त्याला कुणी काही दिलं नाही. ओले हात घेऊन तो बराच वेळ उभा राहिला, आणि शेवटी गुपचूप आपल्याच पँटला पुसले.