करंजवाडीत न वाजलेली हलगी

मित्रांनो, मी एक जुनी हलगी आहे आणि सध्या अगदी बेकार आहे. पिरंगुटच्या एका पत्र्याच्या खोपटात माझा मुक्काम असतो. माझं चामडं एका बाजूनं उसवलंय. उंदरांची माझ्यावर फार माया, म्हणून उरलेलंही फार दिवस टिकेल असं वाटत नाही.

माझं लाकडी कडं मुळशीकडच्या एका सुतारानं वाकवलं, त्यावर बकऱ्याचं चामडं चढलं आणि मी गावच्या दवंडीला लागले. मला वाजवायचा गेणबा. त्याच्याआधी त्याचा बाप वाजवायचा. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहे. चामडं सादळून पार मऊ पडतं, म्हणून वाजवण्याआधी गवताच्या जाळावर मला शेकावं लागे. एकदा तापले की माझा आवाज ओढ्यापलीकडे जाई. देवी टोचायला माणूस आलाय, कुणाची म्हैस हरवलीय, जत्रा कधी धरलीय, सगळं आधी मी सांगायचे. बायका हातातलं काम टाकून दारात यायच्या. खरं सांगते, मला तेव्हा बराच गर्व होता.

आमच्या खोऱ्यात एक रीत होती. दवंडी वाडीत येऊन वाजली, तरच ती त्या वाडीला लागू. खालच्या गावात वाजून भागत नसे. एका वर्षी गेणबा तापानं पडला, तर डोंगराच्या उतारावरच्या करंजवाडीनं जत्रेला पाऊलच उचललं नाही. खालचे ढोल कानावर येत होते, नवी लुगडी नेसून बायका बसल्या होत्या, पण आपल्यात दवंडी आली नाही म्हणजे जत्रा नाही! पुढं कितीतरी दिवस गाव त्यांना हसत होतं.

देश स्वतंत्र होऊन दहा-बारा वर्षं झाली असतील. खोऱ्यात धरण व्हायचं ठरलं. हुकूम आला: शिमग्याच्या आत कचेरीत नाव सांगा, दौंडच्या बाजूला जमीन मिळेल, मागून येईल त्याला काही मिळणार नाही. खालच्या गावात मी ते वाजून सांगितलं. मग गेणबा मला घेऊन करंजवाडीचा चढ चढला.

वाडीच्या तोंडाशी फुलाबाई वाट अडवून उभी होती. वाडीतली सगळ्यांत जाणती बाई. तिची दोन भाताची खाचरं होती, नवऱ्यानं डोंगर फोडून केलेली. नवरा त्यांच्याच बांधाला पुरला होता.

"गेणबा, हलगीला हात लावू नगंस."

"सरकारचा हुकूम हाय, फुलाबाई."

"हुकूम खाली गावात हाय. हितं अजून आला न्हाई. तू वाजवलीस की येतोय बग."

गेणबानं मला नुकतंच शेकलं होतं, मी तापून तयार होते. पण तो खाली बसला. फुलाबाईनं त्याला नाचणीची भाकरी दिली. ती खाऊन, पाणी पिऊन तो परत फिरला. मागं वाडीत पोरं नाचत होती. आपण वाचलो, असंच सगळ्यांना वाटलं.

त्यात गावच्या शाळेतल्या हैबतराव मास्तरांनी वाडीला वर्तमानपत्रातलं वाचून दाखवलं, की जगातल्या सगळ्या देशांनी मिळून ठरवलंय, कुणाचं घरदार मनमानीनं काढून घ्यायचं नाही. झालं! दुनियेचा कायदा आपल्या बाजूनं आहे म्हटल्यावर वाडी निर्धास्त झाली. शिमगा आला आणि गेला.

पुढं कचेरीतले साहेब जीपमधून गावात आले. फुलाबाई खाली उतरली आणि तिनं तो कायदा त्यांच्यापुढं मांडला. साहेब काही वाईट नव्हते. त्यांनी तिला बसायला सांगितलं.

"बाई, तो नुसता जाहीरनामा आहे, कायदा नव्हे. आणि देशाची हद्द ओलांडून पळावं लागतं ना, त्या लोकांसाठी वेगळा करार आहे. तुम्ही तर आपल्याच देशात राहणार."

"मंजी हद्दीपल्याड हाकललं असतं, तर आमची कुनी इचारपूस केली असती?"

साहेबांनी चहाचा कप उचलला. मुदत संपली, एवढंच ते म्हणाले.

"आमच्यात दवंडी न्हाई झाली, सायब."

साहेबांनी गेणबाकडं पाहिलं. 'वाजवली' म्हणाला असता तर त्याचं काम राहिलं असतं. पण तो म्हणाला, "न्हाई वाजवली. खरं हाय तिचं." मला त्याचा अभिमान वाटला. आता वाडीला जमीन मिळणार, असं मी वेडी धरून चालले होते.

"दवंडी ही तुमची सोय आहे," साहेब म्हणाले. "हुकूम सही झाली त्या दिवशीच लागू झाला."

गेणबाचं काम गेलं. दुसऱ्या वर्षी श्रावणात धरणाचं पाणी फुलाबाईच्या खालच्या खाचरात शिरलं. तरी वाडी हलेना. तेव्हा फुलाबाईनंच गेणबाला बोलावणं धाडलं.

"आता वाजव. त्याबिगर उठायची न्हाईत ही मानसं."

सगळीकडं ओल, शेकायला कोरडं गवत नव्हतं. फुलाबाईनं स्वतःच्या छपराचं आतलं गवत ओढून काढलं. त्या जाळावर मी तापले आणि वाजले. जन्मात एवढी खणखणीत वाजले नसेन. माणसं भांडी, कोंबड्या, लेकरं घेऊन निघाली आणि मला माझ्याच आवाजाची शिसारी आली.

वाडीतल्या कुणालाच जमीन मिळाली नाही. कुणी कोळशाच्या भट्ट्यांवर गेलं, कुणी खडी फोडायला. फुलाबाई कासारसाईकडं परक्याच्या बांधावर झोपडी घालून राहिली आणि दोन वर्षांत गेली.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी आमच्यासारखी जुनी वस्तू 'मला जपा' म्हणते. मी नाही म्हणणार. हलगीला गाव लागतं, ते नसेल तर मला तेलपाणी करून काय उपयोग? माणसं एका हाकेच्या अंतरावर आहेत, तोवर त्यांना जपा. फुलाबाई गेल्याचं कळलं तेव्हा वाडीला दहाव्याला बोलवायचं म्हणून गेणबानं मला शेकलं, खांद्याला अडकवलं आणि तो इथं पिरंगुटच्या रस्त्यावर आला. कोणत्या बाजूला जायचं तेच त्याला कळेना. उन्हं उतरेपर्यंत तो तिथंच उभा होता.