खांबाच्या पलीकडची खिडकी

"शंभर वर्षांचं घर कधी फसवत नाही," एजंट भारदस्त आवाजात म्हणाला आणि जिन्याच्या कठड्याला टेकला. कठड्यावरचा लाकडी गोळा निखळून त्याच्या हातात आला. तो कुठे ठेवावा हे न सुचल्याने त्याने मुकाट्याने ताईच्या हातात दिला.

ताई म्हणजे या घरात उरलेली थोरली बहीण. वडिलांचं शेवटपर्यंत तिनेच केलं. धाकट्या भावाने घर विकायला काढलं आणि मोठ्या मनाने आपल्या फ्लॅटच्या हॉलमध्ये तिची सोय लावली. सगळ्यांचा टीव्ही पाहून झाला की सोफा उघडायचा.

शहराच्या पोटातली, एकमेकींना चिकटलेल्या दगडी घरांची ती रांग. जाहिरातीत सगळ्यात मोठा फोटो होता वरच्या मजल्यावरच्या रंगीत काचांच्या खोलीचा. ताई तिथेच झोपायची. आज भावाबरोबर गिऱ्हाईक म्हणून एक नवराबायको आले होते, आणि त्यांच्यामागून शेजारचे दंतवैद्यही.

"नुसतं बघतो हो. इतक्या वर्षांत वर कधी आलोच नाही."

त्यांनी रंगीत खिडकी उघडून बाहेर डोकावलं. डोकं आत घेतलं तेव्हा चेहरा पांढरा पडला होता.

"ताई, खाली माझ्या दवाखान्याची पाटी आहे."

"असणारच. शेजारी आहात."

"शेजारी नाही. बरोब्बर खाली."

सगळे खाली उतरले, रस्ता ओलांडून उभे राहिले आणि वर पाहू लागले. दर दोन घरांच्या मध्ये जमिनीपासून छपरापर्यंत एक दगडी खांब होता. रंगीत खिडकी खांबाच्या पलीकडे होती. या घराकडे आजवर घरातल्या कुणी समोरून पाहिलंच नव्हतं. घरचे लोक किल्ली शोधत आत शिरतात.

"खांब सरकला असेल," भाऊ म्हणाला.

"खांब नाही सरकत, साहेब," एजंट म्हणाला. त्याच्या आवाजातला भारदस्तपणा पार गेला होता.

"मला बाहेरून तीन खिडक्या दिसायच्या आणि आत दोनच," दंतवैद्य पुटपुटले. "म्हटलं, आपलंच मोजायला चुकतंय. लोकांचे दात मोजणारा माणूस मी, सांगणार कुणाला?"

ताईला हळूहळू आठवलं. पलीकडचं घर तेव्हा आत्याचं होतं. आत्याच्याच घरातल्या या खोलीला दोन्ही घरांकडून दारं होती, बहीणभावांना गप्पा मारायला. मग दोघांचं बिनसलं आणि आत्याने रागाच्या भरात घर विकून टाकलं. वडिलांनी गवंड्याला "दार बुजव" एवढंच सांगितलं आणि ते ऑफिसला गेले. गवंड्याला दारं दोन दिसली. त्याने त्यातलं लहान, आत्याच्या बाजूचं, बुजवलं.

"म्हणजे इतकी वर्षं मी..." ताईने हातातला गोळा घट्ट धरला. "तुमच्या घरात झोपतेय?"

"मागच्या हिवाळ्यात तुम्हाला फार खोकला होता," दंतवैद्य म्हणाले. "मला वाटायचं, भिंत पातळ आहे."

नवराबायकोने जाहिरातीचा कागद घडी करून एजंटला परत दिला. भाऊ फुटपाथच्या कडेवर बसला तो बराच वेळ उठला नाही.

पुढे घर विकलं गेलं, त्या खोलीवाचून. नव्या मालकांनी आपल्या बाजूचं दार बुजवायचं ठरवलं.

"ताई, पलंग भंगारात देऊ. तिकडे सोफा आहे," भाऊ म्हणाला.

पलंगावरची चादर ताईने पुन्हा एकदा नीट केली. दंतवैद्य दारात उभे होते. ते खाकरले.

"खोली माझी म्हणता, तर तिच्यात काय राहू द्यायचं ते मला विचारा की."

"काय राहू द्यायचंय?" भावाने वैतागून विचारलं.

"आहे ते सगळं." मग ते ताईकडे वळले. "भाडं घेईन हं. फुकट म्हटलं तर तुम्ही राहायच्या नाहीत."

पुन्हा गवंडी आला. या वेळी तो पूर्वी बुजवलेल्या लहान दाराची भिंत फोडत असताना ताई खोलीत आणि दंतवैद्य पलीकडे, अशी दोघं उभी राहिली. ताईचा पलंग तसूभरही हलवावा लागला नाही. दंतवैद्यांचं कपाट मात्र नेमकं त्याच भिंतीला होतं. ते बाहेर काढताना जिन्याच्या वळणावर अडकलं, आणि अजून तिथेच आहे.