गोजाबाईचा तळ

"रॉकेल पाहिजे म्हणे! रेशनचं रॉकेल बंद होऊन जमाना झाला, आणि आमच्या अण्णांना रॉकेलच पाहिजे," सुजित आईच्या कानाशी पुटपुटला. डिझेलचा कॅन त्याने आणला होताच. पण कुरकुर केल्याशिवाय त्याचं काम उरकत नसे. तेवढं बापावर गेलेलं.

सावित्रीबाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. चाकणच्या त्या शेडमध्ये, पत्र्यांच्या थप्प्यांशेजारी, लाकडी ठोकळ्यांवर 'गोजाबाई' बसली होती. तीस माणसांची लाँच. पाण्याबाहेर त्या तिला दुसऱ्यांदाच बघत होत्या.

पहिल्यांदा बघितली तेव्हा अठरा वर्षांच्या होत्या. धरणाचं पाणी चढलं, गाव उठलं, आणि त्यांची वरची वाडी पलीकडच्या काठावर अडकली. गोजाबाई नावाच्या म्हातारीने सरकारदरबारी खेटे घालघालून लाँच मिळवली. म्हातारी गेली, नाव राहिलं. भोसरीत दौलतराव वेल्डरने तिचा तळ जोडला आणि ट्रकबरोबर पोचवायला आला. लाँच पाण्यात उतरली तसा हा गडी आत पालथा पडून तळ चाचपत बसला.

"पाणी येतंय काय वो?" पोरींनी टिंगल केली.

"माझा जोड गळत नाही," तो मान वर न करता म्हणाला.

त्या तोऱ्यावरच सावित्रीबाई फसल्या.

पुढे दौलतरावांशी, म्हणजे सुजितच्या अण्णांशी, लग्न झालं आणि वरात गोजाबाईतूनच निघाली. तिच्यातून बाळंतिणी आल्या, शेरडं गेली, मतपेट्या गेल्या. एकदा लोखंडी कपाट गेलं, काठावर उघडलं तर आत खुडूक कोंबडी. काठावरून कुणी नुसता पदर हलवला तरी कोंडाजी ड्रायव्हर लाँच वळवून आणायचा. दोन वर्षांपूर्वी तळात पाणी यायला लागलं आणि फेरी थांबली. आता वाडीला जायचं तर डोंगरातून तीन तासांची पायवाट; सावित्रीबाईंच्या गुडघ्यांना चिंचवडच्या सोसायटीचे दोन जिनेच भारी. वाडीत राहिलेला भैरू दर रविवारी फोनवर म्हणायचा, "लाँच सुरू झाली की ये, ताई." त्यांची पिशवी भरलेलीच होती. भावासाठी घेतलेल्या स्वेटरला डांबरगोळीचा वास लागला होता.

गावकऱ्यांनी लाँच ट्रेलरवर घालून इथं आणली. शेडमालक नानासाहेबांनी सरळ सांगितलं होतं, "तळ धड असेल तर रंगवून परत देतो. नसेल तर कटर लावून भंगारात काढतो. निकाल अण्णा देतील. लाँच त्यांचंच पोर आहे."

परीक्षा जुनीच. जोडाला बाहेरून चुना लावायचा, वाळू द्यायचा, आतून रॉकेलसारखं पातळ तेल सोडायचं. जोड फुटका असेल तिथं पांढऱ्यावर डाग उमटतो. चुना सावित्रीबाईंनी लावला. दौलतरावांचा चुन्याचा हात कसा आहे ते घरच्या भिंती सांगत होत्या. देव्हारा सारवावा तशी त्यांनी जोडाची एकेक शिवण पांढरी केली.

सुजितने आतून डिझेल सोडलं.

पहिला डाग तिळाएवढा. मग दुसरा. मग सगळ्या शिवणीवर काळी रांगच उठली.

"हवा ढगाळ आहे," सुजित म्हणाला. "चुना ओला राहिला असेल."

"पट्टी मारू एखादी," नानासाहेब छताकडे बघत म्हणाले.

दौलतरावांनी अंगठ्याने एक डाग पुसला. तो पुन्हा आला. "हा जुनाच असेल," ते म्हणाले. बायकोने आत्ता लावलेल्या चुन्यावरचा जुना डाग! सावित्रीबाईंना हसूच आलं. चाळीस वर्षांत हा माणूस त्यांच्याशी पहिल्यांदाच खोटं बोलत होता, आणि तेही इतकं वाईट.

तिघेही पुरुष तळाकडे बघत होते. सावित्रीबाईंकडे कुणीच बघत नव्हतं.

त्यांनी हाताचा चुना पदराला पुसला आणि नवऱ्याचा अंगठा जोडावरून अलगद बाजूला केला.

"ऱ्हाऊ द्या आता. लई माणसं वाहिली तिनं," त्या म्हणाल्या. "लावा कटर. मी काय आता माहेरी जायची न्हाई."